अस्तंब्याच्या जखमेचा हिशेब

दिवाळीच्या तोंडावर, धनत्रयोदशीच्या सुमाराला, तळोद्याहून अस्तंब्याच्या डोंगराकडे माणसांची रीघ लागते. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी, म्हणजे धडगाव तालुक्यातलं सातपुड्याचं हे शिखर चार हजार फुटांहून उंच आहे. महाराष्ट्रातून, गुजरातेतून, मध्य प्रदेशातून आलेले भाविक गटागटानं चढतात, पुष्कळदा रात्रीच. वर ज्याचं स्थान आहे त्याला इथले लोक अस्तंबा ऋषी म्हणतात. हा द्रोणाचार्यांचा मुलगा अश्वत्थामा. कपाळावरचा मणी काढून घेतला तेव्हा जी जखम झाली ती अजून भरलेली नाही. ती घेऊन तो याच रानात हिंडतो आणि वाटेत भेटेल त्याच्याकडे जखमेवर घालायला तेल मागतो, अशी नर्मदाकाठच्या आणि सातपुड्याच्या लोकांची श्रद्धा आहे.

आता हाच अश्वत्थामा दुसरीकडे पाहू. २०१५ साली जपानमध्ये ‘फेट/ग्रँड ऑर्डर’ नावाचा मोबाइलवरचा गेम निघाला. जगभरच्या इतिहासातले आणि पुराणांतले वीर जमवायचे आणि त्यांना लढवायचं, असा हा खेळ. २०१९ मध्ये त्यात अश्वत्थामा दाखल झाला. त्याला धनुर्धरांच्या वर्गात घातलं आहे, पण त्याचं हत्यार आहे एक भलंमोठं चक्र. ज्यानं हे रचलं त्यानं महाभारत नीट वाचलेलं दिसतं. सौप्तिक पर्वात अश्वत्थाम्यानं कृष्णाकडे सुदर्शन चक्र मागितल्याची आणि ते त्याला उचलताच न आल्याची गोष्ट आहे. जपानी गेममध्ये त्याला अखेर चक्र मिळालं. खेळणारा पडद्यावर बोट टेकवतो, चक्र फिरतं आणि शत्रूच्या डोक्यावर एक आकडा उमटतो. समजा, ४,३७०.

हा आकडा कुठून आला, हे या प्रकरणात बघायचं आहे. खेळणारी मुलं त्याला डॅमेज म्हणतात. इजा, हानी, मार हे आपले शब्द चांगलेच आहेत, पण मीही इथे डॅमेजच म्हणेन, कारण शहाद्यापासून सोलापूरपर्यंत मुलांच्या तोंडी तोच शब्द आहे.

जखम मोजण्याची ही रीत मुळात शिपायांची. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातल्या गेऑर्ग फॉन राइसविट्झ या अधिकाऱ्यानं नकाशावर खेळायची एक युद्धक्रीडा सिद्ध केली. तिच्यात तोफा किती अंतरावर आहेत, पायदळ आडोशाला आहे की उघड्यावर, याचे तक्ते होते. फासा टाकायचा, तक्ता बघायचा आणि समोरची किती माणसं पडली ते पंचानं सांगायचं. आज फोनमध्ये जे घडतं त्याचा सांगाडा हाच आहे: हत्यार, परिस्थिती, नशीब आणि शेवटी एक वजाबाकी.

या सांगाड्यात राक्षस आणि जादूगार आले ते अमेरिकेत. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापला. त्याआधीच्या मध्ययुगीन युद्धाच्या नियमांत वार लागला की माणूस मेला, असा सरळ मामला होता. एकेका सैनिकाचं ते चालून गेलं. पण खेळाडू जेव्हा एकाच वीराचं सोंग घेऊन आठवडेच्या आठवडे खेळू लागला, तेव्हा पहिल्याच फाशाला त्या वीराचा बळी जाणं कुणाला सोसेना. आर्नेसनला उपाय सापडला तो लोखंडी कवचाच्या युद्धनौकांच्या खेळात. नौका एका गोळ्यात बुडत नाही. तिला किती गोळे सोसतील याचा एक साठा असतो आणि दर गोळ्याला तो घटतो. हाच साठा त्यानं माणसाला दिला. त्याचं नाव हिट पॉइंट, आजच्या पोरांच्या बोलीत एचपी.

पहिल्या आवृत्तीत कट्यार असो की परशू, सगळ्या हत्यारांचा डॅमेज एकच होता: एक सहापैलू फासा, म्हणजे १ ते ६. आज हे विचित्र वाटतं, पण त्यामागे शहाणपण होतं. साध्या माणसाचा एचपीसुद्धा एका सहापैलू फाशावरच ठरायचा. दोन फाशांच्या ३६ जोड्या होतात आणि त्यांतल्या २१ जोड्यांत डॅमेज एचपीइतका किंवा त्याहून जास्त निघतो. म्हणजे साधा माणूस एका घावात मरण्याची शक्यता ५८ टक्के. कट्यारीनंही माणूस मरतो, ही गोष्ट या जुन्या नियमानं फार प्रामाणिकपणे सांगितली आहे, असं मला वाटतं. पुढच्याच वर्षी, १९७५ साली, ‘ग्रेहॉक’ या पुरवणीनं हत्याराप्रमाणे वेगवेगळे फासे आणले. तेव्हापासून कट्यारीला चारपैलू, छोट्या धनुष्याला सहापैलू, लांब धनुष्याला आठपैलू, अशी वाटणी रुळत गेली.

एक हल्ला आपण स्वतःच मोजून पाहू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

आपला वीर सातपुड्यातला तिरंदाज आहे. हातात तीरकामठा. कामठा बांबूचा आणि त्याची दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची. बाणाच्या मागे पिसं, पुढे लोखंडी पातं. नियमांच्या पुस्तकात भिल्लांचा कामठा नाही, म्हणून आपण तो छोट्या धनुष्यात धरू. तेव्हा सहापैलू फासा घेऊ. समोर वाघ ठेवावा असं आधी मनात आलं होतं, पण जिथे वाघदेवाची पूजा होते तिथल्या तिरंदाजाला मी वाघावर बाण सोडायला लावणार नाही. समोर एक राक्षस आहे. त्याचा बचाव १३, एचपी २२.

आपल्या तिरंदाजाची चपळाई १६. आता रूढ असलेला नियम असा की त्यातून १० वजा करायचे आणि उरलेल्याचे निम्मे घ्यायचे. आले ३. शिवाय धनुष्य चालवायचा सराव आहे म्हणून सुरुवातीच्या पातळीवर आणखी २. एकूण ५. आता वीस पैलूंचा फासा टाका. जे पडेल त्यात ५ मिळवा. बेरीज १३ किंवा जास्त झाली तर बाण लागला. म्हणजे फाशावर ८ किंवा वर काहीही चालेल. अशी तेरा घरं आहेत, वीसपैकी तेरा, ६५ टक्के.

बाण लागला, पण किती लागला? त्यासाठी सहापैलू फासा टाकायचा आणि त्यात चपळाईचे ३ मिळवायचे. सहापैलू फाशाची सरासरी साडेतीन, म्हणून लागलेल्या बाणाचा सरासरी डॅमेज साडेसहा. पण शंभरातले पस्तीस बाण वाया जातात. साडेसहाचे ६५ टक्के म्हणजे ४.२२५. शिवाय वीस पैलूंच्या फाशावर थेट २० पडलं तर वार वर्मी बसला असं धरतात आणि डॅमेजचा फासा दोनदा टाकायला मिळतो. हे वीस वेळांत एकदा घडतं. त्यामुळे सरासरीत साडेतीनचा विसावा भाग, ०.१७५, वाढतो. सगळं मिळून दर बाणाला ४.४. राक्षसाचे २२ भागिले ४.४, बरोबर पाच. पाच बाणांत राक्षस पडावा. प्रत्यक्षात थोडे जास्त लागतात, कारण राक्षसाचा एचपी २ उरलेला असताना ९ चा घाव बसला तर वरचे ७ फुकट जातात.

या छोट्या गणितात एक मोठी गोष्ट लपली आहे. यात दोन निरनिराळे प्रश्न आहेत आणि दोन निरनिराळे फासे आहेत. लागला का, हा एक प्रश्न. किती लागला, हा दुसरा. नेम आणि जोर यांची अशी फारकत केली की खेळ जिवंत होतो. दहापैकी नऊ बाण लागणारा, पण हलका बाण मारणारा पोरगा आणि दहापैकी तीनच घाव लागणारा, पण लागला तर झाडच पाडणारा कुऱ्हाडवाला, दोघांची सरासरी एकच निघू शकते. तरी त्यांच्याबरोबर खेळताना छातीत होणारी धडधड सारखी नसते.

फासा बदलला की धडधड कशी बदलते तेही बघा. एक बारापैलू फासा आणि दोन सहापैलू फासे, दोघांचीही कमाल १२. बारापैलूवर १२ पडण्याची शक्यता बारात एक. दोन सहापैलूंवर ती छत्तीसात एक. पण ७ पडण्याची शक्यता छत्तीसात सहा. दोन फासे मधल्या आकड्यांकडे झुकतात, म्हणजे ते भरवशाच्या माणसाचे फासे झाले. एकच मोठा फासा बेभरवशाचा. आपल्याकडे सारीपटावर कवड्या टाकणाऱ्या बायका-पुरुषांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: सगळ्या कवड्या उताण्या पडणं दुर्मीळ, निम्म्याशिम्म्या पडणं रोजचं.

इथे थोडं आडवाटेनं जाऊ, कारण वाट सातपुड्यातूनच जाते. वैदिक काळातले फासे म्हणजे बेहड्याच्या बिया होत्या. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात द्यूतानं घर गमावलेल्या माणसाचं जे सूक्त आहे त्यातले फासे बेहड्याचेच. तोच बेहडा सातपुड्याच्या रानात आजही आहे; हिरड्याबरोबर आणि आवळ्याबरोबर तो त्रिफळा चूर्णात पडतो. वनपर्वातली नलाची गोष्ट पुष्कळांना दमयंतीमुळे आठवते. मला ती एका झाडामुळे आठवते. विदर्भाकडे निघालेला राजा ऋतुपर्ण रथातून एक बेहड्याचं झाड बघतो आणि त्यावर पानं किती, फळं किती ते सांगून टाकतो. सारथी झालेला नल रथ थांबवून फळं मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. तेव्हा ऋतुपर्ण त्याला सांगतो की मला फाशांचं मर्म कळतं, म्हणून मोजणीतही मी निपुण आहे. थोडं पाहून सगळ्याचा अंदाज बांधणं आणि फाशांचं गणित ही एकच विद्या आहे, हे ज्यानं ही गोष्ट रचली त्याला कळलं होतं. संभाव्यताशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या इयन हॅकिंग या तत्त्वज्ञानं या प्रसंगाची मुद्दाम दखल घेतली आहे. आजच्या गेम बनवणाऱ्याला हीच विद्या लागते.

आता संगणकाकडे वळू. संगणकाला फासे उचलून टाकायचा कंटाळा नाही, म्हणून सूत्रं मोठी झाली. पण मुळात त्यांची घराणी दोनच: वजाबाकीचं आणि भागाकाराचं. नंदुरबारच्या माणसाला हा फरक मिरचीवरून लगेच समजेल.

हंगामात नंदुरबारच्या बाजारात ओल्या लाल मिरचीचे ढीग येतात आणि गावाभोवतीच्या पथाऱ्यांवर ती वाळत पडते. शेतकऱ्याच्या मालात दोन प्रकारची घट येते. हमाली पोत्यामागे ठरलेली. पोतं गच्च भरलेलं असो की अर्धं, आकडा तोच. ही झाली वजाबाकी. वाळवणीतली घट मात्र प्रमाणात येते. शंभर किलो मिरची वाळून तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर आली तर दहा किलोचीही तेवढाच हिस्सा उरते. हा झाला भागाकार. ठरलेल्या कपातीत लहान माल भरडला जातो. प्रमाणातल्या घटीत लहानमोठे सारखेच घटतात.

जपानमध्ये १९८६ साली आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या मालिकेत वजाबाकीचं सूत्र रुळलं: हल्ल्याचा निम्मा आकडा घ्या, त्यातून बचावाचा पाव आकडा वजा करा, वर थोडा नशिबाचा चढउतार. हल्ला ४०, बचाव ४०, तर २० वजा १०, डॅमेज १०. आता नवी तलवार मिळाली आणि हल्ला ६० झाला. ३० वजा १०, डॅमेज २०. तलवार दीडपट, पण घाव दुप्पट! म्हणून या खेळांत नवं हत्यार घेतलं की हातात एकदम बळ आल्यासारखं वाटतं. आणि हल्ला २० च असेल तर १० वजा १०, शून्य. दुबळ्यानं कितीही वार केले तरी बलाढ्याला फारसा ओरखडा उठत नाही. हे जग कठोर आहे.

‘पोकेमॉन’ दुसऱ्या घराण्यातला. १९९६ साली जपानमध्ये निघालेल्या या खेळाचं सूत्र जगभरच्या मुलांनी पाढ्यासारखं पाठ केलं आहे. पातळीची दुप्पट, भागिले ५, अधिक २. त्याला चालीच्या ताकदीनं गुणा. मग हल्ल्यानं गुणा, बचावानं भागा. पुन्हा ५० नं भागा आणि २ मिळवा. पातळी ५०, चालीची ताकद ९०, हल्ला आणि बचाव सारखेच असं धरू. २२ गुणिले ९० म्हणजे १,९८०. भागिले ५० म्हणजे ३९.६, अपूर्णांक टाकून ३९. अधिक २, झाले ४१. त्यावर नशीब ८५ ते १०० टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी थांबतं, म्हणजे ३४ ते ४१. वीज मारणारा प्राणी स्वतः विजेच्या जातीचा असेल तर दीडपट, ५१ ते ६१. समोरचा पाण्याचा असेल तर दुप्पट, १०२ ते १२२. आणि समोरचा जमिनीच्या जातीचा असेल तर वीज मातीत मुरते: शून्य. इथे दुबळ्याचा घाव सहसा शून्यावर जात नाही, थोडा तरी लागतोच. पण चुकीच्या जागी बलवानाचीही सगळी ताकद फुकट जाते. दहा वर्षांचं पोर हे सगळं तोंडी करतं आणि तेच पोर शाळेत अपूर्णांकांना घाबरतं. माझ्या मते हा दोष पोराचा नाही. त्याला अपूर्णांक दिले कसे, त्याचा आहे.

चिलखताचा हिशेबही याच दोन वाटांनी जातो. ‘लीग ऑफ लेजंड्स’ या गेममध्ये चिलखताचा आकडा १०० असला की डॅमेज निम्मा होतो, २०० असला की तिसरा हिस्सा, ३०० ला चौथा. कितीही चिलखत घाला, शून्य कधीच होत नाही. सूत्र सोपं आहे: शंभर भागिले, शंभर अधिक चिलखत. कर्णाची कवचकुंडलं मात्र या सूत्रात बसत नाहीत. ती अंगावर असेपर्यंत त्याला मारताच येणार नव्हतं, म्हणून तर इंद्राला ब्राह्मणाच्या वेषात ती मागून न्यावी लागली. बदल्यात कर्णाला जी शक्ती मिळाली ती एकदाच वापरता येणारी. अर्जुनासाठी जपून ठेवलेली ती शक्ती घटोत्कचावर खर्च करायची पाळी आली. एकदाच चालणारं अस्त्र आत्ता वापरावं की शेवटच्या शत्रूसाठी ठेवावं, हा पेच आज कुठलाही गेम खेळणाऱ्याला रोज पडतो.

आता ते ४,३७० आपल्याला उलगडता येतील. ‘फेट/ग्रँड ऑर्डर’मध्ये वीराच्या हल्ल्याचा आकडा घेतात, आपण तो सोयीसाठी १०,००० धरू. त्याला आधी ०.२३ नं गुणतात, आले २,३००. धनुर्धरांच्या वर्गाला ०.९५ चा गुणक आहे, म्हणजे पाच टक्के आधीच कापले, उरले २,१८५. खेळात हल्ल्याचे तीन प्रकारचे पत्ते असतात. त्यांतला मधला, एकपट ताकदीचा पत्ता आपण वापरला. समोर तलवारवाला आहे. धनुर्धर तलवारवाल्याला भारी, म्हणून दुप्पट: ४,३७०. भालेवाला असता तर २,१८५ चा निम्मा, हजाराच्या थोडा वर. शेवटी नशीब, नव्वद ते एकशे दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे प्रत्यक्षात ३,९३३ ते ४,८०७ मधला कुठलाही आकडा उमटेल. अस्तंब्याच्या ऋषीचा घाव असा गुणाकारांच्या साखळीतून येतो.

या साखळीत महाभारतातली कितीतरी अस्त्रं अजून शिरलेली नाहीत. द्रोणांच्या वधानंतर अश्वत्थाम्यानं नारायणास्त्र सोडलं. त्याचा नियम असा की प्रतिकार कराल तितकं ते वाढतं. कृष्णानं सगळ्या सैन्याला शस्त्रं टाकून रथांवरून खाली उतरायला सांगितलं, म्हणून सैन्य वाचलं. एकटा भीम लढत राहिला आणि सगळं अस्त्र त्याच्यावर चालून गेलं. सूत्रात मांडायचं तर बचावानं भागण्याऐवजी गुणायचं. भागाकाराच्या चिन्हाजागी गुणाकाराचं चिन्ह, एवढाच बदल. आणि सगळा खेळ उलटा होतो. ज्यानं आयुष्यभर चिलखत जमवलं तोच आधी मरतो आणि हात रिकामे करणारा जगतो.

दुर्योधनाची मांडी हे दुसरं उदाहरण. लोककथेत गांधारीच्या नजरेनं त्याचं सगळं अंग वज्र झालं, मांडी तेवढी राहिली. एकाच साठ्याच्या एचपीमध्ये ही कथा सांगताच येत नाही. १९७८ सालच्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळानं ती सोय केली. त्यात घाव कुठे बसला ते वीस पैलूंच्या फाशावर ठरतं आणि हात, पाय, पोट, डोकं यांचा साठा वेगवेगळा. पाय गेला तर माणूस पडतो, मरत नाही. भीष्मांना बसवायला मात्र तिसराच नियम हवा. अंगभर बाण रुतलेले, लढणं संपलेलं, तरी उत्तरायण लागेपर्यंत प्राण राखलेले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये एचपी शून्य झाला की वीर लगेच मरत नाही, दर फेरीला फासा टाकून मरणाशी झगडतो. भीष्मांचा फासा त्यांच्या स्वतःच्या हातात होता, हा फरक.

आणि एक गोष्ट आहे जी मला या सगळ्या गणितात खुपते. अश्वत्थामा रात्री पांडवांच्या छावणीत शिरला तेव्हा सगळे निजलेले होते. धृष्टद्युम्न आणि द्रौपदीची पाचही मुलं त्या रात्री मारली गेली. आजच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमात बेशुद्ध पडलेल्यावर जवळून हल्ला केला तर वीस पैलूंचे दोन फासे टाकून मोठा घ्यायला मिळतो. आपल्या ६५ टक्क्यांच्या नेमाचे त्यामुळे जवळपास ८८ टक्के होतात. शिवाय लागलेला प्रत्येक वार वर्मी धरून डॅमेजचे फासे दुप्पट. गणित म्हणून हे अगदी बरोबर आहे. झोपलेल्याला मारणं सोपंच असतं. पण व्यासांनी या रात्रीला जो काळिमा लावला तो कुठल्याच गुणकात नाही. १९८५ साली रिचर्ड गॅरियटनं ‘अल्टिमा फोर’ हा गेम केला तेव्हा त्यानं ही उणीव भरून काढायचा प्रयत्न केला. त्यात दुष्ट नसलेल्या प्राण्यावर हात उचलला तर तुमच्या सद्गुणांचे आकडे घटतात. त्या गेमच्या पूर्ण नावात ‘अवतार’ हा आपला शब्द आहे आणि हिंदू धर्मावरच्या एका टीव्ही कार्यक्रमातून तो सुचल्याचं गॅरियटनंच सांगितलं आहे.

आता त्या जखमेकडे येऊ. गेममध्ये विष, आग, रक्तस्राव यांचा डॅमेज एकदम पडत नाही, दर फेरीला थोडा थोडा पडतो. तो साधारण तीन फेऱ्या किंवा पाच फेऱ्या चालतो आणि थांबतो. औषध घेतलं तर आधीच थांबतो. अश्वत्थाम्याला मिळालेल्या कृष्णाच्या शापात मुदत होती तीन हजार वर्षं, औषध नव्हतं आणि मरणही नव्हतं. नियम म्हणून तो असा लिहिता येईल: दर फेरीला १ एचपी कमी. एचपी १ च्या खाली कधीच जात नाही. कुणी तेल दिलं तर त्या एका फेरीपुरता डॅमेज थांबतो. जखम भरत नाही. आणि तेल स्वतःजवळ साठवता येत नाही, दुसऱ्यानंच द्यावं लागतं.

शेवटची अट फार महत्त्वाची आहे. तिच्यामुळे ज्याच्यापाशी सगळी अस्त्रं आहेत त्याला दर फेरीला कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं. लढाईच्या खेळात मागण्याची आणि देण्याची चाल येते. माझ्या पाहण्यात तरी कुठल्या छापील खेळात ही चाल नाही, आणि ती सुचली ती नंदुरबारच्या डोंगरावरच्या कथेवरूनच.

खेळ रचायला मोठा संगणक लागत नाही. १९७४ साली ज्यांनी सुरुवात केली त्यांच्याकडेही कागद आणि फासेच होते. वीस पैलूंचा फासा मिळाला नाही तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून एक एक उचला आणि दर वेळी चिठ्ठी परत डब्यात टाका. गणित तेच राहतं. शिक्षक असाल तर सातवी-आठवीच्या वर्गात दोन तास हे करून पाहा. तिरंदाजाची चपळाई १६, राक्षसाचा बचाव १३, एचपी २२, हे वर दिलेलेच आकडे फळ्यावर लिहा. किती बाणांत राक्षस पडला ते प्रत्येक मुलाला वहीत मांडू द्या आणि सगळ्या वर्गाची सरासरी काढा. ती पाचच्या थोडी वर येईल.